गिरजाबाईंनी मला काय चारलं

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तरुणपणी झालेल्या काविळीची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, नातेवाइकांत कोणाचे डोळे पिवळे दिसले की पथ्याचे सल्लेही दिले आहेत. पण कावीळ बरी झाल्यावर माझ्या अंगात जे झालं, ते सांगायची वेळ आली की मी विषय बदलत असे. कोणी फारच खोदून विचारलं तर 'कोणीतरी काहीतरी खाऊ घातलं होतं' एवढं म्हणून मोकळा होत असे. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला फार लवकर कळलं होतं, तरी मी ते वापरत राहिलो.

गेल्या वर्षी, या वयात, तोच त्रास मला पुन्हा झाला. अकोल्यातल्या एका तरुण डॉक्टरनं त्याचं कारण दहा मिनिटांत समजावून सांगितलं. घरी येऊन मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. नंतर सुनेकडून वही-पेन मागून घेतलं.

लिहिण्याची कारणं दोन आहेत. एखाद्या पोराची छाती अशी सुजली आणि तो लाजेनं दार लावून बसला असेल, तर त्याच्या हाती हे पडावं. दुसरं कारण म्हणजे गिरजाबाई. अकोल्याला जठारपेठेत त्यांची खानावळ होती. माझ्या संशयापायी ती बंद पडली.

कावीळ

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. घरची काळी शेती, दोन म्हशी, वडील लवकर गेलेले, कारभार थोरल्या भावाकडे. त्याला आम्ही दादा म्हणत असू. मॅट्रिक होऊन मला अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी लागली, ते साल १९५८. रुजू व्हायच्या आधीच उन्हाळ्यात मला कावीळ झाली.

साधी कावीळ नव्हती. महिन्यावर महिना मी अंथरुणात होतो. गावातल्या माणसाचं झाडपाल्याचं औषध झालं, कानात तेल घालून झालं, शेवटी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. अन्न समोर आलं की पोटात ढवळून येई. उठून बसलो की आई पाठीमागं हात धरून बसायची, कारण मी मागं कलंडत असे. मनगटावर घड्याळ राहीना. अंगावरची लव झडली. दाढी करायची गरजच उरली नाही. आणखीही एक गोष्ट बंद झाली होती, ती तरुण माणूस कोणाला सांगत नाही. मलाही तेव्हा तिची पर्वा नव्हती. जीव वाचला तरी पुरे, अशी स्थिती होती.

पावसाळ्याच्या शेवटी मी अकोल्याला गेलो तो असा, हाडांचा सापळा होऊन.

पंगत

जठारपेठेत एका चाळीत खोली मिळाली. खोलीत आधीपासून सुखदेव राहत होता. तो आमच्याच कचेरीत होता. त्याच्या घरचे दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालेले. बोलायला सडेतोड. मला पाहून पहिलं वाक्य बोलला ते असं : "कचेरीत आला का दवाखान्यात भरती व्हाले आला बे?"

जेवायला तोच मला गिरजाबाईंकडे घेऊन गेला. बाई विधवा, वय चाळीसच्या आसपास, माहेर तिवशाचं. पुढच्या खोलीत पंगत, मागं चूल, त्यामागं अंगणात एक म्हैस. येणारे बहुतेक कारकून, मास्तर आणि कॉलेजातली पोरं. बाईंची एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. त्या सुखदेवचा पाट वेगळा मांडत नसत. जो आधी येईल तो आधी बसेल, एकाच ओळीत. काहींना ते रुचत नव्हतं. एकानं तसं सुचवलं तेव्हा बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "ज्याले चालत नाई त्यानं आपलं ताट आपल्या घरी मांडावं." अन्न चांगलं होतं म्हणून ते लोक गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसांच्या पोटात काय असतं ते मला पुढं दिसलं.

माझी अवस्था पाहून बाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं वेगळं शिजू लागलं. बिनतेलाची लौकी म्हणजे दुधी भोपळा, मुगाचं वरण, ज्वारीच्या पातळ कण्या, ताक. ते एका वाटीत काढून, वर ताटली झाकून चुलीच्या कडेला ठेवलेलं असे. मी बसलो की ती वाटी येई. महिन्याभरानं माझी जीभ परत आली. मग त्या वाटीत हळूहळू दूध आलं, तूप आलं, गूळ आला. बाई म्हणत, "खाय नारायन. तुह्या मायनं पाह्यलं तं वळखली पाह्यजे तुले."

मी अधाशासारखा खात असे. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईनं तोंडावरून हात फिरवला आणि रडली. दाढी पुन्हा येऊ लागली होती. पुरुषाला सकाळी जे कळतं तेही पुन्हा कळू लागलं होतं. आपण बरे झालो असं मला वाटलं.

सुपारी

दिवाळीनंतर एकदा आंघोळ करताना छातीला साबण लावला आणि डाव्या बाजूला कळ आली. चाचपून पाहिलं तर बोंडीच्या मागं सुपारीएवढी टणक गाठ. थोड्या दिवसांनी उजवीकडेही तशीच. पुढं दोन्ही बाजू वर आल्या. सदऱ्याचं कापड घासलं तरी दुखे.

चाळीत पुरुष नळावर उघड्यानं आंघोळ करीत. मी सगळे कचेरीत गेल्यावर करू लागलो आणि रोज उशिरा पोहोचू लागलो. अंगात बंडी, बंडीवर आवळून पंचा, त्यावर सदरा, आणि अकोल्याच्या दुपारच्या उन्हातही वर कोट. खांदे पुढं काढून चालायची सवय लागली. ती आजही गेलेली नाही. कचेरीत कोणी हसलं की वाटे, माझ्यावरच. दोघं कुजबुजले की वाटे, यांना कळलं. टेबलावर कोणी चहा आणून ठेवला तर आज याला एवढा पुळका का, असं मनात येई. आरशात पाहणं सोडलं. येत्या उन्हाळ्यात माझं लग्न व्हायचं ठरलं होतं.

हे कुठून आलं, हा एकच विचार डोक्यात. आणि त्याचं उत्तर मला ज्या दिवशी सापडलं तो दिवस नीट आठवतो. हात धुवायला मी मागच्या अंगणात गेलो होतो. म्हशीजवळ घमेल्यात सरकी भिजत घातलेली होती.

कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला सरकी काय करते ते सांगावं लागत नाही. लहानपणी घरच्या म्हशींना भिजलेली सरकी मीच घालत असे. दूध आटलं, सरकी वाढव. कास भरून येते, ताठ होते, हात लावला तर म्हैस लाथ मारते, कारण दुखतं. मी घमेल्याकडे पाहिलं. हात आपोआप छातीवर गेला. सगळं जुळलं असं वाटलं. त्या काळात सरकीचं तेल चांगल्या तेलात मिसळतात अशी ओरड होतीच, वनस्पती तुपानं माणूस नामर्द होतो असंही लोक बोलत. बाकीच्यांना का झालं नाही, याचंही उत्तर माझ्याजवळ तयार होतं. बाकीच्यांना ती झाकलेली वाटी मिळत नव्हती.

आज हे लिहिताना माझ्याच तर्काची मला भीती वाटते. कुठंही फट नव्हती त्यात. जिनं मला उपासमारीतून वर काढलं, तिची मायाच मी पुरावा म्हणून धरली.

सुखदेवला मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग स्वतःच्या सदऱ्याची बटणं सोडली.

"पाह्य. याच घरचं खाऊन राहिलो मी दोन सालापासून. आली का?"

मी म्हणालो, "तुले वाटी कोठी देते ते?"

"ते वाटी तुले देते, कारन तू मरून राहिला होता. अन् चारून भेटन काय तिले? तुहं दूध काढून इकन का?"

त्याला हसू आलं. मला आलं नाही. त्या दिवसापासून मला सुखदेवचाही संशय येऊ लागला. बाई त्याला ओळीत बसवतात, तो त्यांची बाजू घेणारच. मी वाटी परत पाठवू लागलो. बाई विचारत, तोंड आलं का, पोट बिघडलं का. माझ्याकडे बघत राहत. त्या बघण्यातही मला लपवाछपवी दिसे.

एक शब्द

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा दादानं मला कपडे बदलताना पाहिलं. त्यानं आधी दाराची कडी लावली. आईला कळलं तशी ती देवापुढं जाऊन बसली. दादाच्या डोळ्यापुढं मुलीकडची माणसं होती. त्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडणार, आणि नुसतं मोडणार नाही, पंचक्रोशीत नाव होणार. मी सरकीचं सांगितलं तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मलाही झालं. बाहेरून कोणी घातलेलं विष आम्हाला चालणार होतं. माझ्याच शरीरातून आलेलं काही चालणार नव्हतं. बाईंनी हे का करावं, तेही दादानं शोधून काढलं. त्यांची एक भाची लग्नाची होती, आणि कधीतरी त्या गमतीनं म्हणाल्या होत्या, नारायन तिवशाचा जावई शोभला असता. ठरलेलं लग्न मोडलं की मुलगा आपल्या हाती लागेल असा बाईंचा डाव, असं तो म्हणाला.

रविवारी दुपारी पंगत भरलेली असताना दादा माझ्याबरोबर आला. पायातल्या वहाणा न काढता आत शिरला. बाई वरण वाढत होत्या.

"काय चारलं बाई माह्या भावाले?"

बाईंना काही समजलं नाही. दादा मागं गेला, सरकीचं घमेलं उचलून आणलं आणि पंगतीसमोर जमिनीवर उपडं केलं. भिजलेली सरकी ताटांपर्यंत घरंगळत गेली.

"ते म्हशीचं व्हय, दादा," बाई म्हणाल्या.

"मंग यालेबी म्हैसच समजली का?"

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं मी कोटाच्या आत आक्रसून गेलो. आता सगळ्यांना कळलं होतं. बाईंनी पळी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि दादाला सोडून माझ्याकडे वळल्या.

"नारायन, तू सांग. मी तुले काय चारलं?"

आवाज चढलेला नव्हता. मी रोज काय खाल्लं ते मलाच माहीत होतं, म्हणून त्या मला विचारत होत्या. लौकी, मूग, ताक, दूध, तूप. एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "सरकी."

आधी एका मास्तरनं ताट सरकवलं. ज्यांना ओळीतला पाट खुपत होता त्यांना निमित्तच हवं होतं. ते उठले आणि उठताना मोठ्यानं बोलले, की जात-धर्म न पाहणारी बाई तेल-तूप काय पाहणार. हळूहळू सगळे उठले. सुखदेव एकटा बसून राहिला. त्यानं ताटातलं सगळं संपवलं, सरकीच्या दाण्यांमधून पाय टाकत हात धुवायला गेला, आणि जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

दवाखाना

दादानं मला अमरावतीला दवाखान्यात भरती केलं. आई बरोबर आली. आवारात कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल मांडून ती माझ्यापुरतं रांधत असे, कारण मी दवाखान्याचं दूध प्यायला तयार नव्हतो. सकाळी फिनाईलनं फरशी पुसली जाई, मग थर्मामीटर, मग डॉक्टरांची फेरी. फेरीची मला धास्ती. सदरा काढावा लागे. शेजारच्या खाटेवर चांदूरकडचा एक म्हातारा होता, हर्नियाचा. त्याच्याकडे भेटायला माणसं आली की तो स्वतःची चादर माझ्या अंगावर टाकायचा आणि म्हणायचा, "थंडी वाजून राहिली पोराले." फेब्रुवारीत थंडी कुठली. त्यानं मला कधीच काही विचारलं नाही. त्या वॉर्डात ज्याचा मला संशय आला नाही असा तो एकच माणूस.

डॉक्टर वयानं मोठे, लढाईच्या काळात सैन्यात काम केलेले. त्यांनी छाती तपासली, खालचीही तपासणी केली, पोटावर बोटं ठोकून पाहिलं. नंतर स्टूल ओढून बसले आणि भलतंच विचारू लागले. काविळीत किती वाळला होतास? दाढी कधी थांबली, कधी परत आली? भूक कधी लागली? मला वाटलं हा माणूस काही तरी लपवतोय, कॅन्सर आहे आणि सांगत नाही. गाठीचा बारीकसा तुकडा कापून त्यांनी नागपूरला तपासायला पाठवला. तेव्हा तर खात्रीच पटली. दिलेल्या गोळ्या मी गादीखाली लपवू लागलो. नर्सच्या ते लक्षात आलं. तिनं आरडाओरडा केला नाही, उद्यापासून माझ्यासमोर गिळायची, एवढंच म्हणाली. त्या गोळ्या नुसत्या जीवनसत्त्वाच्या होत्या, हेही मला नंतर समजलं.

नागपूरहून उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टर फेरीतून मागं राहिले. आई चुलीशी होती, दादा गावी.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "काहीच करायचं नाही. वर्षभरात आपोआप उतरेल."

मी सरकीचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, लढाई संपल्यावर जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेले आपले सैनिक त्यांनी पाहिले होते. माझ्यासारखेच, हाडाला कातडं चिकटलेले. छावणीत उपाशी होते तोवर कोणाला असं झालं नाही. सुटले, पोटभर खायला लागले, आणि मग कित्येकांच्या छात्या अशा सुजल्या. काही महिन्यांनी उतरल्या.

"त्यांना कोणी सरकी चारली होती? तुझं शरीर बंद पडलं होतं. ते पुन्हा चालू झालंय, आणि चालू होताना जरा गडबड करतंय. पोरं वयात येतात तेव्हाही पुष्कळांना होतं हे. अन्न मिळालं म्हणून झालंय, बाबा. चांगलं अन्न मिळालं म्हणून."

मी सदऱ्याची बटणं लावू लागलो.

"खानावळीत जेवत होतास ना? कोण बाई आहेत त्या?"

मी नाव सांगितलं.

"त्यांना माझा नमस्कार सांग. अर्धं काम त्यांनी केलंय."

आजाराबद्दलचं खरं मला त्या दिवशी कळलं. त्यापुढचं आजारात मोडत नाही.

दादा मला न्यायला आला. एस.टी.त बसल्यावर त्यानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. उतरेल म्हणाला, मी सांगितलं. मग त्यानं आवाज खाली करून विचारलं, "सरकीचंच म्हंते ना?"

लग्नाला थोडेच महिने राहिले होते. शरीरानं आपसूक केलं म्हटलं तर दादा मुलीकडच्यांना काय सांगणार, पुढं मुलंबाळं होतील का असं कोणी विचारलं तर मी काय सांगणार. पंगतीत बोललो ते चुकून बोललो असं म्हणता येईल. तेव्हा मला ते खरं वाटत होतं. एस.टी.त मात्र मला खरं काय ते माहीत होतं.

मी म्हणालो, "हाओ."

बंद दार

अकोल्याला परत आलो तेव्हा खानावळीला कुलूप होतं. म्हैस विकली गेली होती. शेजारणीनं सांगितलं, बाई तिवशाला भावाकडे गेल्या. सुखदेवनं खोली सोडली होती. कचेरीत तो समोर बसे, कामापुरतं बोले. एकदाच म्हणाला, "तुह्या छातीचं होईन बरं. माहा पाट गेला तो गेला." इतर खानावळींत त्याला दाराशी वेगळं बसावं लागे, म्हणून तो नव्या खोलीत स्टोव्हवर स्वतः शिजवू लागला होता.

लग्न झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, पुढच्या दिवाळीपर्यंत सूज उतरत गेली. पुढं मुलं झाली, सगळं झालं. सरकीची गोष्ट बायकोच्या माहेरी दादानं आधीच पोहोचवली होती. तिनं आयुष्यभर घरात सरकीचं तेल येऊ दिलं नाही. एकदा निवडण-टिपण करताना ती सहज म्हणाली, "पन त्या बाईले काय पडलं होतं वो, तुमाले चाराचं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न सुखदेवनंतर तिनंच विचारला. मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

डॉक्टरनं सांगितलं ते

आता गेल्या वर्षीचं. छातीत पुन्हा तीच कळ, तीच सुपारी. या वेळी कोट घातला नाही, नातवाला घेऊन सरळ दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरनं तपासलं, रक्त तपासलं, मी कोणती औषधं घेतो ते पाहिलं. मग कागदावर दोन गोल काढून समजावू लागला.

"आजोबा, पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातल्याच थोड्याचं शरीर रोज इस्ट्रोजेन करतं. प्रत्येक पुरुषाचं शरीर करतं. माझंही."

चरबीत आणि इतर काही ठिकाणी हे रूपांतर चालतं, तो म्हणाला. त्यात बायकीपणा काही नाही, पुरुषाची हाडंसुद्धा त्यावर टिकतात. फक्त तोल राहावा लागतो. म्हातारपणी एक कमी होतं, चरबी वाढते, दुसऱ्याचं पारडं जड होतं. मी त्याला १९५८ सालचं विचारलं. तो म्हणाला, उपासमारीत हा सगळा कारखानाच बंद पडतो. पुन्हा पोटभर अन्न मिळालं की एकदम जोरात सुरू होतो, टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्यातून इस्ट्रोजेनही वाढतं. ज्यादा झालेलं बाहेर टाकायचं ते यकृतानं, आणि तुमचं यकृत तर काविळीनं थकलेलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही चांगले बरे होत होतात."

ज्यांना हा त्रास होतो त्यांना माझं सांगणं एवढंच. डॉक्टरला दाखवा. कधी औषधामुळे होतो, कधी यकृतामुळे, क्वचित कुठं गाठ असते, म्हणून दाखवायलाच हवं. पण लपवू नका. लपवणाऱ्या माणसाला सगळं जग आपल्याविरुद्ध कट करताना दिसतं, आणि मग तो कोणाचा तरी बळी घेतो.

तिवसा

१९६४ च्या सुमारास माझी बदली अमरावतीला झाली. सुखदेवही तिथं होता, माझ्या वरच्या जागेवर. मधल्या वर्षांत आमचं थोडं बोलणं सुरू झालं होतं. एका दुपारी मी त्याला नागपूरहून आलेला निकाल, डॉक्टरांचा नमस्कार, एस.टी.तलं माझं उत्तर, सगळं सांगितलं. त्यानं शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो दर वर्षी तिवशाला बाईंकडे जाऊन येत असे, हे मला तेव्हा समजलं.

"जाशीन तं बोलाले जाय," तो म्हणाला. "नुसता जेऊन येऊ नको."

मी गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली. बाई भावाच्या घरामागं एका खोलीत राहत होत्या. केस पांढरे झालेले. दारात मला पाहून त्या थबकल्या, मग छातीकडे नाही, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नारायन व्हय ना? कावीय फिरून नाई ना झाली तुले?"

मी नाही म्हणालो. त्यांनी पाट मांडला. उन्हाचा आलास, आधी जेव, म्हणाल्या. घरात सगळ्यांसाठी फोडणीची डाळ होती, तरी माझ्यासाठी त्यांनी मूग वेगळा शिजवला, बिनतेलाचा. मी बसून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. हीच वेळ आहे, असं मनात म्हणत होतो.

त्यांनी ताट समोर ठेवलं. वाटी हातातच राहिली. त्या वाटीतून त्यांनी बोटांनी एक घास काढला, माझ्या देखत तोंडात घातला, चावून गिळला. मग वाटी ताटात ठेवली.

आमच्याकडे वाढणारी बाई जेवणाऱ्याच्या आधी चाखत नाही. उष्टं कोणी वाढत नाही. गिरजाबाई तर देवाला दाखवल्याशिवाय वरणाची चवही घेत नसत. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "आता सवयच लागली. कोनालेबी वाढते तं आधी मी खाते. लेकरालेबी."

मी जेवलो. वाटी पुसून खाल्ली. त्यांनी पुन्हा मूग वाढला, तोही खाल्ला. हात धुतले. जुळवलेली वाक्यं सगळी पाठ होती. त्या दारापर्यंत आल्या, संभाळून जाय म्हणाल्या, आणि मी हाओ म्हणालो. तेच हाओ, एस.टी.तलं.

सुखदेवनं दुसऱ्या दिवशी फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फाईल उघडली. पुढच्या वर्षी बाई गेल्या. सांगायचं राहिलं ते इथं लिहितो.

मावशी, तुम्ही मले पंगतीत इचारलं होतं, मी तुले काय चारलं. लौकी चारली. मूग चारला, ताक चारलं. मंग दूध चारलं, तूप चारलं, गूय चारला. तेच खाऊन मी जगलो. अमरावतीच्या डॉक्टरनं तुमाले नमस्कार सांगतला होता. मले माफ करा.